क्रिप्टोची पोच कोण देणार?

गेल्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. खानापूर तालुक्यातला, आता बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. प्रसाद घेतला, चहा झाला, तरी बराच वेळ फोन हातात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "सर, मी यात पैसे घातलो." क्रिप्टोच्या एका ॲपवर हिरव्या आकड्यांत अठरा लाख रुपये दिसत होते. त्यानं घातलेले पावणेदोन लाख. आता ते काढायला गेला तर ॲपवाला म्हणत होता, आधी तीस टक्के कर भरा, मग रक्कम सुटेल. "कर सरकारचाच हाय की सर. पेपरात वाचलो मी."

त्यानं वाचलेलं खरं होतं. १ एप्रिल २०२२ पासून आभासी नाण्यांच्या, म्हणजे क्रिप्टोच्या, नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण तो कर आपण वर्षाच्या हिशेबात आयकर खात्याला भरतो. पैसे सोडण्याआधी ॲप चालवणाऱ्याच्या सांगण्यावरून कुणा तिऱ्हाइताच्या खात्यात तो भरायचा नसतो. ठगानं सरकारचा खरा आकडा उचलला आणि त्याच्या आधारानं आपलं खोटं दुकान खरं करून दाखवलं. मी त्याला आणखी एक रुपयाही भरू दिला नाही. पावणेदोन लाख मात्र गेले ते गेलेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात क्रिप्टो कोण वापरतं, असं विचारलं तर माझं उत्तर या मुलापासून सुरू होतं. माझ्या पाहण्यात वापरणारे फार थोडे आहेत, विकत घेणारे बरेच आहेत, आणि आपण विकत घेतलं आहे असं समजणारेही कमी नाहीत. या तिघांना एकाच आकड्यात कोंबून 'भारत क्रिप्टोत पुढे' असं म्हटलं जातं. चेनॅलिसिस या संस्थेच्या जागतिक यादीत २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं भारत पहिला आला. ही यादी उलाढालीचा अंदाज घेते आणि तो लोकांच्या सरासरी उत्पन्नाशी पडताळते. त्यातून लोक नाणी किती घेतात-विकतात ते कळतं. बेळगावच्या गणपत गल्लीत कुणी क्रिप्टो देऊन कोथिंबिरीची पेंडी घेतली का, ते कळत नाही.

आणि कोथिंबिरीची पेंडी तशी घेतली जाणारही नाही, असं मला वाटतं. कारण अगदी साधं आहे. शनिवारच्या बाजारात कडोलीहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशीच्या टोपलीवर आज क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो. यूपीआय २०१६ साली आलं. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावरून देशभरात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. पैसे देणाऱ्याला फी नाही, मावशीला कापणी नाही, आणि "वीस रुपये प्राप्त झाले" हे ऐकायला दोन क्षण लागतात. बिटकॉइन या पहिल्या क्रिप्टो नाण्याच्या साखळीत, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सामायिक वहीत, नवी नोंद सरासरी दहा मिनिटांनी चढते आणि सेकंदाला साधारण सात व्यवहारांपलीकडे तिची मूळ क्षमता जात नाही. वरून जोडलेल्या वेगवान सोयी आहेत, त्या वापरणारे जगात आहेतही. पण ज्या दुखण्यावर औषध आधीच फुकट मिळतंय, त्यासाठी मावशीनं नवा वैद्य का शोधावा?

ज्या खरेदीचं उदाहरण क्रिप्टोचे भक्त नेहमी देतात, तिच्याकडेही नीट बघावं. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरनं दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळवले. त्या व्यवहारात पिझ्झावाल्या दुकानाला बिटकॉइन मिळालेच नाहीत. मधल्या एका माणसानं ते घेतले आणि दुकानाला डॉलर दिले. म्हणजे पहिल्या खरेदीपासूनच गल्ल्यावर जुनाच पैसा पडला.

नवा पैसा कधी धरला जातो? जुना नासतो तेव्हा. अर्जेंटिनात २०२३ साली वर्षभरात महागाई २०० टक्क्यांच्या वर गेली. पगार झाला की त्याच दिवशी पेसोचं काहीतरी दुसरं करून ठेवायचं, अशी तिथली गरज होती. म्हणून डॉलरशी बांधलेली नाणी, म्हणजे स्टेबलकॉइन, तिथल्या साध्या घरांत शिरली. नायजेरियात नायरा घसरत होता, डॉलर बँकेत मिळत नव्हते, तिथंही तेच. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं २०२१ साली बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितलं, तरी लोकांनी ते आपसांत चालू ठेवलं. उलट एल साल्वादोरचं बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारनं बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, फोनमधल्या पाकिटात तीस डॉलर भेट म्हणून घातले. त्या देशाच्या उत्पन्नाचा पाचव्याहून मोठा हिस्सा अमेरिकेत राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशाचा. वापर वाढायला याहून चांगली जमीन कुठली? तरीही त्या पैशातला जेमतेम एक-दोन टक्के भाग बिटकॉइनच्या वाटेनं आला. लोकांनी भेट घेतली, खर्चली आणि ते परत डॉलरकडे वळले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारावरची सक्तीच काढून टाकावी लागली. तिथलं चलन डॉलर होतं. ते नासलेलं नव्हतं.

आपल्या भागाला परक्या नाण्याचं वावडं मुळीच नाही, हेही मला सांगायचं आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत जांबोटी-चोर्ल्याच्या पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि तिथं त्यांचं चलन चालायचं. खुद्द बेळगावाला लागून असलेलं शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. अशा गावातली माणसं नाण्यावर कुणाचं चित्र आहे ते बघत बसत नाहीत. ते उद्या पलीकडे खपेल का, आणि नाही खपलं तर कुणाच्या दारात जायचं, एवढंच बघतात. क्रिप्टोला मी हेच दोन प्रश्न विचारतो. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असं येतं. दुसऱ्याला उत्तरच मिळत नाही.

दुसरा प्रश्न माझ्या अंगावरून गेलेला आहे. आमच्याकडे रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा. १९२८ साली उडुपीकडे दोन-दोन आण्यांनी सुरू झालेली ही रोजच्या बचतीची पद्धत आमच्या पट्ट्यात इतकी मुरली की पानपट्टीवाल्यापासून शिलाई करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचं पिग्मीचं पुस्तक असायचं. पन्नास रुपये दिले की तो पोच फाडून द्यायचा. बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही एका सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, ठेव ठेवली, कारण संचालक ओळखीचे, पिग्मीवाला घरातला. ती सोसायटी बुडाली. तिचं नाव मी लिहीत नाही. आमच्या हातात पोचपावत्यांची चळत राहिली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो, पण पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. शिकलेला माणूस मी, मला त्या दिवशी कळलं!

म्हणून "माणसावर विश्वास ठेवू नका, गणितावर ठेवा" असं एखादा तरुण मला सांगतो तेव्हा मी ते वाऱ्यावर सोडत नाही. ओळखीच्या चेहऱ्यानं फसवलेल्या माणसाला ते वाक्य आतून पटतं. बिटकॉइनची एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जाणार नाहीत, कुठला चेअरमन रात्रीत वही फिरवू शकणार नाही, ही त्याची ताकद खरी आहे. पण आमच्या भागातला कुणीही थेट त्या गणितापर्यंत पोचत नाही. तो एका ॲपपर्यंत पोचतो. त्या ॲपमागे पुन्हा एक कंपनी, एक चेअरमन आणि एक वही असतेच, फक्त चेहरा दिसत नाही आणि सोसायटीच्या दारात जाऊन उभं राहण्याची सोयही नसते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या मोठ्या एक्स्चेंजमधून, म्हणजे नाणी घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारातून, सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ ताटकळावं लागलं आणि तोडगा निघाला तो सिंगापूरच्या न्यायालयातून. निपाणीचा ठेवीदार बेळगावच्या कचेरीत खेपा घालून दमतो. त्यानं सिंगापूरला कसं जावं?

बरेचजण म्हणतात, हे नव्या पिढीचं सोनं आहे. आमच्या बायकांना सोनं म्हणजे काय ते विचारा. सोनं म्हणजे अडीअडचणीला शहापूरच्या सराफाकडे किंवा सोसायटीत नेऊन तासाभरात तारण ठेवता येतं ते. ऑपरेशनचे पैसे त्याच दुपारी भरता येतात. आणि ते तिचं असतं. पाटल्या तिच्या हातात असतात, नवऱ्याला मागाव्या लागतात. फोनातलं नाणं ज्याच्याकडे पासवर्ड त्याचं, आणि आमच्या घरांत तो पासवर्ड मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. घरातली शिल्लक सोन्यातून निघून फोनात गेली की बाईच्या हातातून घराचा एक दोर सुटतो. यावर कुणी बोलत नाही. आणि तो पासवर्ड माहीत असलेला माणूस उद्या घाटात गाडीखाली आला तर? पिग्मीच्या पुस्तकावर वारसाचं नाव असतं. स्वतःच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्याला असं नाव लावायला जागाच नाही. ते पाकीट उघडणारी बारा किंवा चोवीस शब्दांची ओळ कुठं लिहून ठेवली आहे हे बायकोला माहीत नसेल, तर ते पैसे जगात असूनही कुणाचेच राहत नाहीत.

मग वाढ कुठं होऊ शकते? माझ्या मते दुकानात होणार नाही. झाली तर ती परदेशातून घरी येणाऱ्या पैशात होईल.

बेळगावजवळ मच्छे गावाच्या बाजूला विश्वेश्वरय्या विद्यापीठ आहे, आजूबाजूला इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. टिळकवाडीत किंवा वडगावात घरात बसून परदेशातल्या छोट्या कंपनीचं काम करणारी पोरं-पोरी आता बऱ्याच आहेत. त्यांच्यातल्या काहींना कंपनीच विचारते, पगार स्टेबलकॉइनमध्ये दिला तर चालेल का? बँकेच्या मार्गानं येणाऱ्या पैशाला मध्ये फी लागते, दर कापला जातो, कधी चार दिवस जातात. नाणं पाच मिनिटांत येतं. ही गरज खरी आहे आणि हा वापर मी जुगार मानत नाही. दुसरी गरज दुबई-मस्कतला राबणाऱ्यांची. जगभराची सरासरी काढली तर दोनशे डॉलर घरी पाठवायला सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो. तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणायचं राष्ट्रसंघाचं उद्दिष्ट आहे. आखातातून भारतात पाठवणं त्या मानानं स्वस्त पडतं. तरी महिन्याला पंचवीस हजार पाठवणाऱ्याला त्यातले दोनशे-तीनशेही जड वाटतात.

पण इथंच खरा खड्डा आहे, आणि तो मी एका घरात जवळून पाहिला. थोरला मस्कतला. त्यानं तिकडे डॉलरची नाणी घेतली, इकडे धाकट्या भावाच्या फोनात पाठवली. धाकट्यानं ती एका अनोळखी माणसाला विकली आणि रुपये आईच्या खात्यावर यूपीआयनं घेतले. दर बँकेपेक्षा चांगला मिळाला. तीन-चार महिने असं चाललं. मग एक दिवस आईचं खातं गोठलं. ज्यानं नाणी घेतली होती, त्यानं दिलेले रुपये दूरच्या दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी फसवून काढलेले होते. तिथं तक्रार झाली, पोलिसांनी पैशाचा माग काढला, आणि तो माग या बाईच्या खात्यावर येऊन थांबला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, पूर्वीच्या फौजदारी संहितेचं हे कलम १०२, पोलिसांना असं करता येतं. त्याच खात्यात तिचे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा व्हायचे. तेही अडकले. बँकेत विचारलं तर "पोलिसांना विचारा". पोलीस परराज्यातले, फोनवर हिंदीत बोलणारे. आईला मराठी येते आणि बाजारापुरती कन्नड. तिनं मला विचारलं, "मास्तर, मी कुणाचं काय घेतलो?" मला उत्तर देता आलं नाही. तिनं खरोखरच कुणाचं काही घेतलं नव्हतं.

चोरीचा पैसा धुऊन काढण्यासाठी चोराला अशीच प्रामाणिक घरं लागतात. नाण्याच्या साखळीत प्रत्येक नोंद कायमची राहते म्हणतात. राहते, पण समोरचे रुपये कुठून आले ते ती नोंद सांगत नाही. म्हणून जो कुणी या पट्ट्यात स्वस्त दरानं पैसे आणून देतो असं सांगतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा असंच मी आज सांगेन. त्याहून बरी वाट सरकारी आहे आणि ती हळूहळू रुंद होते आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊ या तशाच सोयीशी जोडलं गेलं. आखाताशी असाच जोड नीट झाला, तर मस्कत-दुबईवाल्याला नाण्याची गरज बरीच कमी होईल. घरी बसून काम करणाऱ्यांची मात्र उरेल. परकीय चलनाचे नियम म्हणतात की निर्यातीचा पैसा बँकेच्या मार्गानं यावा. नाण्यात आलेला पगार त्या चौकटीत कुठं बसतो याचं सरळ उत्तर अशा मुलीला सीएसुद्धा देत नाही.

सरकारची भूमिका मला इथं खटकते आणि मी ते स्पष्ट लिहितो. २०१८ साली रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांतून बाहेर काढलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. मग २०२२ मध्ये कर आला. नफ्यावर ३० टक्के, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वळता करायला बंदी, आणि १ जुलैपासून विक्रीवर एक टक्का उगमकपात (टीडीएस). मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आणलं. म्हणजे घ्यायचं ते सगळं घेऊन झालं. ग्राहकाचं काय, यासाठी वेगळा कायदा नाही. ग्राहकाची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवायची सक्ती, चोरी झाली तर भरपाई, तक्रारीला ठरावीक मुदत, परदेशी पगाराला मान्य असलेली पावती, यातलं काही नाही. ज्या व्यवहारातून कर घेता, त्याची पोच द्यायला हवी. जुगार वाटत असेल तर तसं म्हणा आणि बंद करा. व्यवहार वाटत असेल तर त्याला दार-खिडक्या बसवा.

आणि आमच्या भागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. महाराष्ट्रातली सावधगिरीची माहिती मराठीत येते, पण त्यातली कचेरी, अधिकारी, दाद मागायचं ठिकाण सगळं पलीकडचं. कर्नाटकाची माहिती आमच्या जिल्ह्याची असते, पण ती कन्नडमध्ये. मधल्या फटीत आम्ही. त्या फटीत सगळ्यात आधी, सगळ्यात गोड मराठीत कोण बोलतं? टेलिग्रामवरचा ठग. माझ्या विद्यार्थ्याला त्या ॲपवाल्यानं पाठवलेले सगळे मेसेज मी वाचले. शुद्ध, आदबशीर मराठी. "दादा, काळजी करू नका." फसवणूक कळल्यावर ज्या पहिल्या तासा-दोन तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो, त्या वेळात तो मित्रांना विचारत फिरला, कारण कन्नडमध्ये किंवा हिंदीत आपल्याला धड सांगता येईल का, याची त्याला लाज वाटली.

राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं दूर करण्यासाठीचं निवेदन, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सीमाप्रश्नाच्या सभांत मी हे कलम अनेकदा ऐकलं आहे, फलकांच्या आणि सातबाऱ्याच्या संदर्भात. लुबाडल्या गेलेल्या माणसाच्या तक्रारीला ते जितकं लागू पडतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात मराठी वाचणारा एक माणूस आणि मराठीतला तक्रारीचा एक छापील नमुना, एवढं मागणं मोठं नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या दाव्याचा निकाल त्यासाठी लागावा लागत नाही. कन्नड बांधवांचंही त्यात काही जात नाही. त्यांच्याही घरची खाती गोठताहेतच.

आणि आपणही हातावर हात ठेवून बसू नये. आपल्याकडे वाचनालयं आहेत, महिला मंडळं आहेत, गल्लीगल्लीत गणेशोत्सव मंडळं आहेत. पतसंस्था तर पावलोपावली आहेत. निदान त्यांच्या पिग्मी एजंटांना तरी हे शिकवा. रोज शंभर उंबऱ्यांवर जाणारा माणूस तो. लोक त्याच्याशी पैशाबद्दल बोलतात, मुलाशी बोलत नाहीत ते त्याच्याशी बोलतात.

त्या विद्यार्थ्याचा अर्ज मी मराठीत लिहिला. पावणेदोन लाख कोणकोणत्या खात्यांत गेले, कोणत्या तारखेला, कोणत्या यूपीआय क्रमांकावर, सगळं एका कागदावर मांडलं. ठाण्यातल्या तरुण हवालदारानं तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि कन्नडमध्ये लिहून आणायला सांगितलं. तो वाईट वागला नाही. त्याला वाचताच येत नव्हतं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या एका बाईंनी त्याच रात्री भाषांतर करून दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही कागद एकत्र टाचून दिले आणि पोच मागितली. शिक्का कन्नड प्रतीवर मिळाला. मराठी प्रतीवरही मारा, असं मी म्हटलं. "साहेब आले की बघू," हवालदार म्हणाला. आम्ही बाकड्यावर बसलो.